संध्याकाळच्या एका युनिटची किंमत

महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे वापर मोजणारे, मीटर बसले आहे, त्यांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत मिळू लागली. पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने 1 रुपयापर्यंत जायची आहे. कारखान्यांना वेळेप्रमाणे दर लावण्याची पद्धत राज्यात फार जुनी. घरच्या बिलात घड्याळ आले ते आत्ता. त्यामागे केंद्राची 2023 ची नियमदुरुस्ती आहे. उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि पीक अवरला, म्हणजे सर्वाधिक मागणीच्या वेळी, महाग असावी, आणि शेती वगळता सर्व ग्राहकांना हे 1 एप्रिल 2025 पर्यंत लागू व्हावे, असे त्या दुरुस्तीने राज्यांच्या नियामक आयोगांना सांगितले. महाराष्ट्राने घरांपुरता त्यातला गोड भाग तेवढा घेतला: दिवसा सवलत, संध्याकाळी जादा आकार नाही. केरळने दोन्ही घेतले. तिथे महिन्याला 250 युनिटच्या वर वापर असलेल्या घरांना दिवसा 10 टक्के कमी आणि संध्याकाळी 6 ते 10 या वेळेत 25 टक्के जास्त दर पडतो.

घरातल्या माणसांनी विजेचा वापर एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर न्यावा म्हणून त्यांना पैसे द्यायचे, ही कल्पना जगाने बऱ्याच ठिकाणी करून पाहिली आहे. ती कुठे चालली, कुठे फसली आणि का, याचा भरपूर पुरावा हाताशी आहे. तो वाचल्यावर माझा कल्पनेवरचा विश्वास वाढला. आपल्या 80 पैशांवरचा मात्र वाढला नाही.

आधी संध्याकाळच का, ते पाहू. 30 मे 2024 रोजी देशाची विजेची मागणी 250 गिगावॉटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॉटवर गेली. तोवरचा तो उच्चांक होता, पण तो दिवसा गाठला गेला आणि त्या वेळी देशभरची सौर पॅनेल जोरात होती. त्याच सुमारास सूर्य मावळल्यानंतरची मागणीही 234 गिगावॉटच्या घरात पोचली. ग्रिड चालवणाऱ्यांची खरी कसोटी या दुसऱ्या आकड्यात असते, कारण तेव्हा सौर वीज शून्यावर आलेली असते आणि घरोघरी दिवे, पंखे, एसी, टीव्ही एकदम सुरू होतात. वीज बाजारात हे स्पष्ट दिसते. दुपारी जी वीज दोन-तीन रुपयांना मिळते, तीच उन्हाळ्यातल्या रात्री दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकते. ही मर्यादा केंद्रीय वीज नियामक आयोगाने घातलेली आहे; ती नसती तर भाव आणखी वर गेला असता.

ही तूट भरून काढायला कोळशाचे संच फारसे उपयोगाचे नाहीत. ते सावकाश वाढतात, सावकाश उतरतात, आणि दिवसातल्या चार तासांसाठी उभारलेल्या संचाचा भांडवली खर्च मात्र वर्षभर सगळ्यांच्या बिलात येत राहतो. पाण्यावरची वीज हवी तेव्हा चालू करता येते. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॉट आहे, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला लवादाने वर्षाकाठी 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून ते पाणी जपून, अडीअडचणीच्या तासांसाठी ठेवावे लागते. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, तो स्वस्त विजेवर पाणी वर चढवतो आणि महाग वेळी खाली सोडतो. तरीही संध्याकाळची तूट पुरती भरत नाही. मग प्रश्न उरतो तो मागणीच्या बाजूचा: तेवढे तास थोडी कमी वीज लागली तर?

महाराष्ट्राला हा व्यवहार अनोळखी नाही, आणि त्याचा आपल्याला विसर पडावा याचे मला वाईट वाटते. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षे ज्यांनी गावात काढली, त्यांना अक्षय प्रकाश योजना आठवत असेल. तेव्हा ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज जात असे आणि संध्याकाळ हमखास अंधारात जाई. महावितरणने गावांपुढे एक सौदा ठेवला. संध्याकाळच्या वेळी गावाने पंप, पिठाची गिरणी, हीटर, शेगडी असे काही चालवायचे नाही. दिवे, पंखा, टीव्ही एवढेच. गावाने हे पाळले तर त्या वेळचे भारनियमन होणार नाही. हजारो गावांनी हा सौदा मान्य केला. एकाने चोरून मोटार चालू केली की सगळ्या गावाचा पुरवठा धोक्यात येई, त्यामुळे राखण गावच करी. पैशाचा संबंध नव्हता. पण मोबदला त्याच संध्याकाळी, प्रत्येकाच्या घरात, डोळ्यांना दिसत होता. परीक्षेला बसलेल्या मुलांच्या घरी तर त्याची किंमत रुपयांत मोजता आली नसती. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले आणि त्या सौद्याची गरज उरली नाही.

पुण्याने 2006 मध्ये वेगळी वाट काढली. शहराची तूट भागवायला पुरेल एवढी क्षमता स्थानिक कारखान्यांच्या डिझेल जनरेटरमध्ये पडून होती. पीक अवरला कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, ग्रिडवरची तेवढी वीज शहराला सोडायची, आणि डिझेलचा जादा खर्च मोठ्या वापराच्या ग्राहकांनी आपल्या बिलातून द्यायचा. राज्याच्या वीज नियामक आयोगाने याला मान्यता दिली आणि पुणे काही काळ भारनियमनमुक्त राहिले. डिझेल जाळून वीज मिळवणे हवेच्या दृष्टीने वाईटच. पण एक तत्त्व त्यातून आयोगासमोर मान्य झाले: पीक अवरला ग्रिडवरून मागे सरकणाऱ्याला त्याचा खर्च मिळाला पाहिजे, आणि ज्यांना फायदा होतो त्यांनी तो द्यावा. घरांच्या बाबतीत हे तत्त्व आपण अजून लावलेले नाही.

पैसे दिल्याने लोक खरोखर बदलतात का, की नुसते आवाहनही पुरते, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर जपानमधून आले. 2011 च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर तिथे अणुभट्ट्या बंद पडल्या, तुटवडा आला, सरकारने वीज वाचवण्याचे आवाहन केले. क्योटोजवळच्या केइहान्ना भागात कोइचिरो इतो, ताकानोरी इदा आणि माकोतो तानाका या अर्थशास्त्रज्ञांनी घरांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाला नुसता निरोप: आज दुपारी वीज कमी वापरा. दुसऱ्या गटाला त्याच तासांसाठी चढा दर. निरोपवाल्या घरांनी सुरुवातीला साधारण 8 टक्के वापर कमी केला, पण काही दिवसांत तो परिणाम विरून गेला. दरवाल्या घरांनी 14 ते 17 टक्के कमी केला आणि तो टिकला. प्रयोग संपल्यावरही त्या घरांची सवय काही प्रमाणात राहिली. आवाहन निरुपयोगी ठरते असे यातून निघत नाही. 6 सप्टेंबर 2022 च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियात मागणी 52,061 मेगावॉटच्या विक्रमावर असताना सरकारने कोट्यवधी मोबाइलवर संदेश पाठवला आणि काही मिनिटांत हजार मेगावॉटहून अधिक भार उतरला. संकटात लोक धावून येतात. रोज संध्याकाळी धावून यायला मात्र कोणी तयार नसते, आणि तशी अपेक्षा धरणेही बरोबर नाही.

तर पैसे लागतात. किती, हा पुढचा प्रश्न, आणि इथे अमेरिकेतल्या सिएटल परिसराचा अनुभव आपल्या आयोगाने नीट वाचावा असा आहे. तिथल्या प्युजेट साउंड एनर्जी या कंपनीने 2001 मध्ये सुमारे तीन लाख ग्राहकांना वेळेप्रमाणे दर लावले. पीक आणि इतर वेळ यांच्या दरांतला फरक लहान होता. लोकांनी कपडे धुण्याची, भांडी घासायच्या यंत्राची वेळ बदलली, रात्रीपर्यंत थांबले. मग मीटर वाचनाचा महिना एक डॉलर आकार सुरू झाला आणि कंपनीने हिशेब पाठवला, तेव्हा बहुतेकांना कळले की साध्या दरापेक्षा आपण जास्तच भरतो आहोत. 2002 च्या अखेरीस योजना गुंडाळावी लागली. लोकांनी कष्ट घेतले होते, म्हणूनच राग मोठा होता. अहमद फारुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जगभरच्या अशा तीनशेहून अधिक प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. त्यांतून दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: दरांमधला फरक जितका मोठा तितका बदल मोठा, आणि माणसाऐवजी यंत्राने वेळ पाळली तर बदल आणखी वाढतो.

दंड लावायचा की बक्षीस द्यायचे, यावर मी बक्षिसाच्या बाजूचा आहे. महाग दराचा धाक कागदावर समतोल वाटतो, पण त्याचा भार कोणावर पडतो ते पाहावे लागते. टेक्सासमध्ये ग्रिडी नावाची कंपनी घाऊक बाजाराचा भाव थेट घरांना लावत असे. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात तो भाव मेगावॉट-तासाला 9,000 डॉलरवर गेला, काही दिवसांत ग्राहकांच्या नावावर हजारो डॉलरची बिले चढली आणि कंपनी बुडाली. हे टोकाचे उदाहरण आहे हे खरे. पण आजारी माणूस, तान्हे मूल, दिवसभर उन्हात काम करून आलेला कामगार यांच्या घरचा संध्याकाळचा पंखा किंवा कूलर हलवता येत नाही. त्यांना दंड म्हणजे निव्वळ जादा बिल. बक्षीस असेल तर ज्याला शक्य आहे तो घेईल. ज्याला नाही त्याचे काही जाणार नाही.

बक्षिसात मात्र एक मोठी खोच आहे. किती वीज वापरली हे मीटर सांगते; किती वापरली नाही हे कुठलेच मीटर सांगत नाही. ते ठरवायला मागच्या दिवसांची सरासरी काढावी लागते, आणि त्या सरासरीत गोंधळ घालता येतो. फ्रँक वोलक यांनी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरातला 2005 चा प्रयोग तपासला. बक्षिसाच्या दिवशी घरांनी साधारण 12 टक्के वापर कमी केला होता, ही चांगली बातमी. पण बक्षीस नसलेल्या दिवशी त्याच घरांचा त्या तासांतला वापर वाढलेला आढळला, म्हणजे ज्या पायावरून मोजणी व्हायची तो पायाच उंचावला होता. मोठ्या ग्राहकांनी याच्या पुढची मजल मारली. बाल्टिमोरच्या बेसबॉल स्टेडियममध्ये चाचणीच्या आधी दिवे मुद्दाम लावून ठेवले गेले, म्हणजे ते बंद केल्यावर ‘कपात’ मोठी दिसेल. अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा आयोगाने 2013 मध्ये त्या प्रकरणी ग्राहकांची कपात गोळा करून विकणाऱ्या कंपनीला दंड केला. सॅन दिएगोत दुसरीच अडचण आली. तिथल्या कंपनीने 2012 मध्ये सगळ्याच घरांना आपोआप योजनेत घेतले, आणि ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांनाही केवळ त्या दिवशी वापर कमी भरला म्हणून पैसे मिळाले. पुढे नाव नोंदवणाऱ्यांपुरतीच योजना ठेवावी लागली. तरीही अशी योजना चालू शकते. बाल्टिमोरच्याच वीज कंपनीने 2013 पासून उन्हाळ्यातल्या निवडक दिवशी वाचवलेल्या प्रत्येक युनिटला 1.25 डॉलर द्यायला सुरुवात केली आणि ती योजना वर्षानुवर्षे चालली.

ब्रिटनने हेच 2022–23 च्या हिवाळ्यात देशभर केले. युक्रेन युद्धामुळे गॅसचा तुटवडा होता. ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने चाचणीच्या तासांसाठी युनिटमागे 3 पौंडांची हमी दिली. सोळा लाख घरे आणि व्यवसाय सामील झाले, 22 वेळा बोलावणे झाले, एकूण 3,300 मेगावॉट-तास वीज हलवली गेली. जानेवारी 2023 मध्ये दोन दिवस तर चाचणी नव्हती, खरीच गरज होती, आणि लोकांनी ती निभावली. वृत्तपत्रांत याचे कौतुक झाले ते योग्यच. पण भागाकार करून पाहा: प्रत्येक सहभागी ग्राहकामागे सबंध हिवाळ्यात सरासरी दोन युनिट. लाखो माणसांनी मोबाइलकडे लक्ष ठेवले, जेवणाची वेळ बदलली, आणि एवढेच निघाले. माणसाच्या लक्षावर उभ्या राहिलेल्या योजनेची ही मर्यादा आहे. नंतरच्या हंगामांत हमीचा भाव गेला आणि बाजारातल्या इतर पर्यायांशी स्पर्धा करावी लागली.

फ्रान्सने लक्षाचा प्रश्न फार पूर्वी यंत्राकडे सोपवला. तिथे रात्रीच्या स्वस्त तासांचा दर 1960 च्या दशकापासून आहे, आणि घरोघरच्या पाणी तापवायच्या टाक्या विजेच्या तारेतून येणाऱ्या संकेतावर त्या वेळी आपोआप सुरू होतात. कोणाला जागे राहावे लागत नाही, सकाळी पाणी गरम असते. याच्या जोडीला टेम्पो नावाचा दर आहे: वर्षातले 300 दिवस निळे, 43 पांढरे आणि 22 लाल. लाल दिवशी वीज खूप महाग, निळ्या दिवशी खूप स्वस्त, आणि उद्याचा रंग आदल्या दिवशीच कळतो. आता सौर वीज वाढल्याने फ्रान्सने नोव्हेंबर 2025 पासून लाखो घरांचे काही स्वस्त तास रात्रीतून काढून दुपारी आणायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने 2020 पासून सकाळी 10 ते दुपारी 3 चा वहन दर नेहमीच्या पावपटीवर आणला. महाराष्ट्रातही तेच घडते आहे: कारखान्यांना रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत मिळणारी जुनी सवलत आता उन्हाच्या तासांकडे वळवली आहे, आणि रात्रपाळी चालवणाऱ्या उद्योगांची त्यावर तक्रार आहे.

आता आपल्या घरांकडे येऊ. मराठी घरातला कोणता वापर खरोखर हलू शकतो? फ्रिज, दिवे, पंखे नाहीत. स्वयंपाकाचा मिक्सर नाही. वॉशिंग मशीन हलेल असे म्हणतात, पण ते बऱ्याच वस्त्यांत नळाला पाणी कधी येते त्यावर चालते. पहाटे पाच वाजता पाणी येणाऱ्या घराला दुपारच्या 80 पैशांचा काय उपयोग? जिथे टाकी आहे, तिथेही दुपारी घरी कोण असते हा प्रश्न आहे. नवरा-बायको दोघे कामावर जाणाऱ्या घरात कोणी नाही. जिथे कोणी आहे, तिथे बहुतेक वेळा ती घरातली बाई किंवा सासू-सासरे. म्हणजे ‘वेळ बदला’ या सल्ल्याचा अर्थ व्यवहारात असा होतो की तिने दुपारची घटकाभर विश्रांती सोडून इस्त्री आणि धुणे काढावे. तिच्या त्या श्रमाचा हिशेब कोणत्याच आदेशात नाही. मला तो सगळ्यांत आधी मांडावासा वाटतो.

याउलट काही भार सहज हलतील, आणि त्यांत कोणाला उठबस करावी लागणार नाही. हाउसिंग सोसायटीचा पाणी उपसायचा पंप हे पहिले नाव. गच्चीवरची टाकी दुपारी भरली तर संध्याकाळी मोटार लावायची गरज नाही. एक टायमर आणि वॉचमनला एक सूचना पुरते. दुसरे, इलेक्ट्रिक स्कूटर आणि गाड्या. कामावरून परतल्यावर साडेसातला चार्जर लावण्याची सवय आताच पडू लागली आहे. तोच चार्जर मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू झाला, किंवा कचेरीच्या पार्किंगमध्ये दुपारी चार्जिंगची सोय झाली, तर पुढची मोठी डोकेदुखी आधीच टळेल. तिसरे, एसी. पाच वाजता खोली थोडी जास्त थंड करून सात ते नऊमध्ये तापमान दोन अंशांनी वर नेणे हे आजचे यंत्र स्वतः करू शकते. मुंबईत टाटा पॉवरने 2023 मध्ये 55,000 घरगुती आणि 6,000 मोठ्या ग्राहकांना घेऊन पीक मागणी 75 मेगावॉटने कमी करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. घरगुती ग्राहकांना सोबत घेणारा एवढ्या आकाराचा कार्यक्रम आपल्याकडे दुर्मीळ आहे. राज्याच्या इतर भागांनीही असे काही हाती घ्यावे.

या सगळ्याला किती मोल द्यावे? इथे एक सरळ हिशेब करता येतो. 2025 मधल्या निविदांमध्ये दोन तासांची बॅटरी साठवण दर मेगावॉटला महिन्याला साधारण दोन ते अडीच लाख रुपये भाड्याने मिळू लागली. त्यांतल्या काहींना केंद्राचे साहाय्यही आहे. म्हणजे एका किलोवॉटला महिन्याला 200 ते 250 रुपये. बॅटरी भरायची वीज वेगळी. आता एखाद्या घराने रोज संध्याकाळच्या दोन तासांतून एक युनिट काढून दुपारी नेले, म्हणजे अर्धा किलोवॉट मोकळा केला. बॅटरीच्या भावाने त्याची किंमत महिन्याला निदान 100 रुपये. 80 पैशांच्या सवलतीत त्या घराला मिळतात 30 युनिटांचे 24 रुपये. घराची खात्री बॅटरीएवढी नसते, म्हणून भाव थोडा कमी धरावा, हे मान्य. पण चौथा हिस्सा?

त्याहून मोठी अडचण ही की ती सवलत वापर हलवल्याबद्दल मिळतच नाही. दिवसा जो काही वापर आहे त्या सगळ्यावर ती मिळते. दिवसभर एसी लावणाऱ्या घराला काहीही न बदलता भरघोस मिळते, आणि सकाळी आठला कुलूप लावून बाहेर पडणाऱ्या घराने संध्याकाळी कितीही काटकसर केली तरी जवळजवळ काही मिळत नाही. संध्याकाळी वीज कमी वापरली यासाठी बिलात ओळच नाही. सॅन दिएगोने ज्या चुकीतून दोन वर्षांत अंग काढून घेतले, तिच्याजवळ जाणारी ही रचना आहे.

शिवाय विश्वासाचा प्रश्न आहे. 2024 मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध राज्यभर असंतोष उसळला आणि सर्वसामान्य ग्राहकांना ती मीटर लावणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. आता तीच यंत्रणा बिल नंतर भरायच्या स्वरूपात टीओडी मीटर म्हणून येते आहे. आज 80 पैसे सूट, उद्या संध्याकाळी दंड, अशी शंका लोक घेतात, आणि केरळकडे पाहिले तर ती निराधार म्हणता येत नाही. ही शंका माहितीपत्रके वाटून जाणार नाही. संध्याकाळचा जादा आकार घरांना अमुक वर्षे लावणार नाही, असे आयोगाने आदेशात लिहून द्यावे. वर्षातले पंचवीस-तीस कठीण दिवस आधी जाहीर करावेत आणि त्या संध्याकाळी वाचलेल्या युनिटला बॅटरीच्या तोडीचा भाव द्यावा. योजना नाव नोंदवणाऱ्यांपुरती असावी. सरासरी कशी काढली ते प्रत्येकाला स्वतःच्या बिलावर पडताळता यावे. सोसायट्यांच्या पंपांसाठी आणि चार्जरसाठी वेगळी, टायमरवर चालणारी योजना असावी, कारण खरी मोठी आणि बिनकष्टाची वीज तिथे आहे. मोबदला व्यक्तीला, पण गाव किंवा सोसायटीने मिळून लक्ष्य गाठले तर सगळ्यांना थोडा वरचा, असेही करून पाहता येईल. अक्षय प्रकाशच्या वेळी गावांनी एकमेकांच्या भरवशावर हे करून दाखवले आहे.

दरवाढीच्या प्रस्तावांवर आयोग जनसुनावणी घेतो, आणि तिथे कोणत्याही ग्राहकाला लेखी हरकत देता येते. पुढच्या वेळी दराच्या आकड्याबरोबर एवढेही विचारा: माझ्या घराने संध्याकाळी न वापरलेल्या एका युनिटला तुम्ही काय भाव देता, आणि तीच वीज रात्री आठ वाजता बाजारातून घ्यायला तुम्हाला काय पडते?